फेल्डस्पारच्या ढिगात अँब्लिगोनाइट कसा ओळखायचा?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एम.एस्सी.च्या प्रबंधासाठी बस्तरकडचे पेग्मटाइट (मोठ्या दाण्यांच्या खडकाच्या शिरा) बघायला निघालेल्या एका विद्यार्थ्याने विचारलंय: तिथे लेपिडोलाइटबरोबर (म्हणजे लिथियमच्या अभ्रकाबरोबर) अँब्लिगोनाइट मिळतो असं वाचलं, पण फोटोत तो थेट फेल्डस्पारसारखा, म्हणजे खडकांत सर्रास आढळणाऱ्या सिलिकेट खनिजासारखा दिसतो. प्रयोगशाळा जवळ नसताना, पाठीवरच्या सॅकमध्ये मावेल तेवढ्या सामानावर तो खात्रीने ओळखता येईल का? आणि नमुना पुढे कुठे, कसा द्यायचा?

ओळखता येतो. फोटोवरून मात्र नाही, आणि नुसत्या डोळ्यांनीही नाही. हे खनिज दुर्मिळ आहेच, पण जितकं वाटतं तितकं नाही. पुष्कळ ठिकाणी ते पांढऱ्या दगडांत मिसळून पडलेलं असतं आणि नोंदवहीत ‘फेल्डस्पार’ म्हणून लिहिलं जातं. पेग्मटाइटमध्ये पांढरं, चकचकीत, सपाट फुटणारं दिसलं की हात आपोआप ‘फेल्डस्पार’ लिहितो. ही सवय मोडली की निम्मं काम झालं.

आधी खनिजाबद्दल दोन शब्द. अँब्लिगोनाइट म्हणजे लिथियम आणि ॲल्युमिनियमचा फॉस्फेट, त्यात फ्लोरिन. ब्राइटहाउप्टने 1817 मध्ये सॅक्सनीतल्या नमुन्यांवरून त्याचं वर्णन केलं. फ्लोरिनच्या जागी हायड्रॉक्सिल जास्त झालं की त्याच खनिजाला माँटेब्रासाइट म्हणायचं. हे नाव फ्रान्समधल्या मॉंटेब्रा गावावरून 1871 मध्ये आलं. दोघांमध्ये सलग मालिका आहे, आणि जुन्या अहवालांत ‘अँब्लिगोनाइट’ म्हणून लिहिलेलं बरंचसं खरं तर माँटेब्रासाइट असतं. फील्डवर हा फरक करता येत नाही. कोणी फक्त बघून करून दाखवला तर त्याच्यावर विश्वास ठेवू नका. वहीत ‘अँब्लिगोनाइट–माँटेब्रासाइट गट’ लिहा, तेवढं पुरे. शुद्ध अँब्लिगोनाइटमध्ये हिशोबाने सुमारे 48 टक्के फॉस्फरस पेंटॉक्साइड, साडेचौतीस टक्के ॲल्युमिना आणि दहा टक्के लिथियम ऑक्साइड भरतं. सिलिका अजिबात नाही. ही शेवटची गोष्ट लक्षात असू द्या, पुढे कामाला येईल.

आता फील्ड. दगड हातात घेण्याआधी आपण कुठे उभे आहोत ते बघायचं. साधा पेग्मटाइट, म्हणजे क्वार्ट्झ, मायक्रोक्लिन (पोटॅश फेल्डस्पार), पांढरं अभ्रक आणि काळा तुरमुली एवढाच ऐवज असेल, तर तिथे अँब्लिगोनाइट शोधण्यात दिवस घालवू नये. तो येतो तो लिथियमने समृद्ध, नीट पट्टे पडलेल्या पेग्मटाइटमध्ये. अशा शिरेत बाहेरच्या कडेपासून आत जाताना खडकाचा पोत आणि खनिजं बदलत जातात आणि मध्यभागी बहुतेकदा क्वार्ट्झचा गाभा असतो. अँब्लिगोनाइटचे गोळे या गाभ्याच्या लगतच्या मधल्या पट्ट्यात सापडण्याची शक्यता सगळ्यात जास्त. सोबतीला कोण आहे ते बघा. जांभळट-गुलाबी लेपिडोलाइट, पानांसारख्या पातळ पापुद्र्यांचा पांढरा अल्बाइट (सोडियमचा फेल्डस्पार), स्पोड्युमिन (लिथियमचा सिलिकेट), गुलाबी किंवा हिरवी तुरमुली, कॅसिटेराइटचे, म्हणजे कथिलाच्या खनिजाचे काळे-तपकिरी दाणे, कोलंबाइट-टँटॅलाइट (नायोबियम-टँटलमचं काळं खनिज). यांतले दोन-तीन एकत्र दिसले की पांढऱ्या दगडांकडे संशयाने बघायला सुरुवात करायची.

बस्तरमध्ये, म्हणजे आजच्या दंतेवाडा-सुकमा बाजूला, कटेकल्याण, गोविंदपाल, मुंडवाल या भागांतले पेग्मटाइट कथिलासाठी प्रसिद्ध आहेत, आणि लेपिडोलाइट व अँब्लिगोनाइट तिथेच नोंदलेले आहेत. गावातले लोक ओढ्यांत माती धुऊन कथिलाचं खनिज काढतात. त्यांना विचारा. कुठल्या ओढ्यात काळे जड दाणे जास्त मिळतात हे त्यांना पाठ असतं, आणि त्या ओढ्याच्या वरच्या अंगाला शीर असते. नकाशावर दिवसभर डोकं घालण्यापेक्षा हे लवकर होतं. बाकी, त्या भागात जाण्याआधी स्थानिक प्रशासनाला आणि वनखात्याला कळवणं, परवानगी घेणं हे तुमच्या विभागप्रमुखांनी करून दिलं पाहिजे. त्यात टाळाटाळ खपवून घेऊ नका.

आपल्याकडच्या वाचकांसाठी एक सांगते. नाशिक, जळगाव, पुणे इथल्या खाणींत आणि विहिरींच्या खोदकामात जे सुंदर पांढरे-हिरवे स्फटिक मिळतात, ते बेसाल्टच्या पोकळ्यांतले आहेत: स्टिल्बाइट, हुलँडाइट, अ‍ॅपोफिलाइट, कॅल्साइट. तिथे अँब्लिगोनाइट सापडण्याचा प्रश्नच येत नाही. अ‍ॅपोफिलाइटच्या नावातला ‘अ‍ॅपो’ ऐकून तो अ‍ॅपेटाइटचा, म्हणजे फॉस्फेटचा भाऊ असेल असा समज संग्राहकांमध्ये मी ऐकलाय. तो सिलिकेट आहे, विषय संपला.

आता दगडाकडे. अँब्लिगोनाइट बहुधा चांगल्या स्फटिकात मिळत नाही. ओबडधोबड गोळे असतात, कधी मुठीएवढे, कधी डोक्याहून मोठे, आणि आजूबाजूच्या क्वार्ट्झ-अल्बाइटमध्ये रुतून बसलेले. बाहेरून खडूसारखी मऊ, पांढरी किंवा मळकट तपकिरी साल चढलेली असते. खाणीच्या जुन्या डंपवर (टाकाऊ दगडांच्या ढिगावर) वर्षानुवर्षं पाऊस खाल्लेला तुकडा तर ओळखण्याच्या पलीकडे गेलेला असतो. म्हणून ताजा तुकडा फोडल्याशिवाय काहीही ठरवू नका. आतला रंग पांढरा, दुधी, फिकट पिवळसर, कधी निळसर-करडा किंवा हिरवट. रंगाला इथे काडीचीही किंमत नाही.

फोडल्यावर भिंग लावा, दहापटीचं पुरे. फेल्डस्पारचे दोन चांगले क्लीव्हेज (खनिज ज्या सपाट पातळ्यांवर फुटतं त्या) एकमेकांशी काटकोनात किंवा जवळपास काटकोनात असतात, त्यामुळे तो पायऱ्यापायऱ्यांनी, चौकोनी फुटतो. अँब्लिगोनाइटलाही एकाहून जास्त क्लीव्हेज आहेत, पण ते सारख्या दर्जाचे नाहीत. एक अगदी स्वच्छ, दुसरा बरा, तिसरा जेमतेम. आणि ते काटकोनात बसत नाहीत. तुकड्याची कड तिरपी दिसते. स्वच्छ क्लीव्हेजच्या पृष्ठभागावर मोत्यासारखी झाक असते, आणि जिथे क्लीव्हेज नाही तिथे जराशी तेलकट, काचेसारखी चमक. दोन्ही एकाच तुकड्यावर शेजारी शेजारी दिसणं ही चांगली खूण. एक फसवी जागाही आहे: अँब्लिगोनाइटमध्ये जुळ्या स्फटिकांच्या बारीक समांतर रेषा येऊ शकतात, आणि रेषा दिसल्या की ‘प्लॅजिओक्लेज’ (फेल्डस्पारचीच एक जात) म्हणून मोकळं व्हायचं असं आपल्याला पहिल्या वर्षापासून शिकवलेलं असतं.

काठिण्याने इथे फार काही निभत नाही. अँब्लिगोनाइट साडेपाच ते सहा, फेल्डस्पार सहा. चाकूच्या टोकाने दोघांवर जेमतेम ओरखडा उठतो. स्पोड्युमिनपासून वेगळं करायला मात्र काठिण्य उपयोगी आहे, कारण तो साडेसहा ते सातचा आहे आणि अँब्लिगोनाइटवर सहज रेघ ओढतो.

खरी कामाची गोष्ट म्हणजे वजन. फेल्डस्पारचं विशिष्ट गुरुत्व (तेवढ्याच आकारमानाच्या पाण्याच्या किती पट जड) 2.55 ते 2.65 च्या आसपास, पोटॅश जातीचं तर 2.6 च्याही खाली. क्वार्ट्झचं 2.65. अँब्लिगोनाइटचं 3.0 ते 3.1. आकडे वाचताना हा फरक किरकोळ वाटतो, पण सारख्या आकाराचे दोन तुकडे दोन तळहातांवर घेतले की कळतो. सवय झालेला माणूस डंपवरून चालताना दगड उचलून टाकत जातो आणि मध्येच एका दगडाशी थांबतो. ती सवय तुम्हाला नसेल तर मोजा, आणि मोजायचं सामान अगदी साधं आहे.

एक किलोपर्यंत मोजणारा, खिशातला डिजिटल काटा घ्या. त्यावर पाण्याने अर्धा भरलेला मग ठेवा आणि आकडा शून्यावर आणा. दगड आधी कोरडा तोलून घेतलेला असावा. आता त्याला बारीक नायलॉनचा दोरा बांधून मगमधल्या पाण्यात पूर्ण बुडवा, पण तळाला किंवा कडेला टेकू देऊ नका, हातात लोंबता धरा. काटा जो आकडा दाखवतो तो ग्रॅममध्ये दगडाने बाजूला सारलेलं पाणी, म्हणजेच दगडाचं घन सेंटिमीटरमधलं आकारमान. कोरड्या वजनाला त्याने भागलं की झालं. समजा, दगड 310 ग्रॅमचा आहे. बुडवल्यावर काटा 102 दाखवत असेल तर गुरुत्व 3.04. तेवढ्याच वजनाचा पोटॅश फेल्डस्पार 120 च्या आसपास दाखवेल, क्वार्ट्झ 117, पेटालाइट (लिथियमचा हलका सिलिकेट) जवळजवळ 129. फरक इतका मोठा आहे की हात थोडा हलला तरी निकाल बदलत नाही. दोनच काळज्या घ्यायच्या. खडूसारखी साल आधी हातोडीने पूर्ण काढून टाका, कारण तिच्यात हवा अडकते. आणि दगडात क्वार्ट्झ मिसळलेला नाही ना, ते भिंगाने बघा. पाण्यात सोडल्यावर बुडबुडे येत असतील तर थोडा वेळ भिजू द्या, मग परत मोजा.

3.0 ते 3.2 मध्ये आकडा आला म्हणून लगेच नाव ठोकू नका. त्याच टप्प्यात स्पोड्युमिन बसतो, अ‍ॅपेटाइट बसतो, फ्लोराइटही बसतो. फ्लोराइट मऊ आहे, काठिण्य चार, आणि चारही दिशांनी फुटतो. त्याची फारशी चिंता नाही. स्पोड्युमिन लांबट, फळ्यांसारखा असतो, फुटला की कुसळं निघतात, शिवाय कठीण. कर्नाटकातल्या मंड्याजवळच्या मर्लगल्ल्याचे नमुने कुठल्या संग्रहात बघायला मिळाले तर त्याची फळी एकदा नीट न्याहाळून ठेवा, पुढे गोंधळ होणार नाही. अ‍ॅपेटाइट जरा अवघड. काठिण्य पाच, म्हणजे चाकूने ओरखडा जातो, आणि क्लीव्हेज जवळजवळ नाहीच. तोही फॉस्फेटच, त्यामुळे पुढची फॉस्फेटची चाचणी त्याला वगळणार नाही. त्याला लिथियमच वगळेल.

म्हणून माझी पद्धत अशी: लिथियम आणि फॉस्फेट, दोन्ही वेगवेगळे सिद्ध करायचे. एकट्या लिथियमने लेपिडोलाइट, स्पोड्युमिन, पेटालाइट सगळे पास होतात. एकट्या फॉस्फेटने अ‍ॅपेटाइट पास होतो. दोन्ही असतील, दगड पांढरा असेल आणि गुरुत्व तीनच्या जरा वर असेल, तरच तो आपला.

लिथियमसाठी ज्योत. पूर्वी सोनाराची फुंकणी आणि स्पिरिटचा दिवा घेऊन जात, आता स्वयंपाकघरातला ब्युटेन टॉर्च पुरतो. तांदळाच्या दाण्याएवढी, पातळ कडेची कपची चिमट्यात धरा आणि ज्योतीच्या निळ्या भागाच्या टोकाशी न्या. फेल्डस्पार ढिम्म राहतो, फार तर कड किंचित गोल होते. अँब्लिगोनाइट लगेच फुगतो, आणि थोड्याच वेळात वितळून पांढरा अपारदर्शक मणी होतो. ज्योत किरमिजी लाल होते. इतक्या सहज वितळणं हाच फेल्डस्पारपासूनचा मोठा फरक आहे, लाल रंग त्यानंतरचा. स्पोड्युमिनही फुगतो आणि ज्योत लाल करतो, पण त्याला वितळायला जास्त आच लागते. कॅल्शियमची ज्योत विटकरी-नारिंगी असते आणि नवख्याला ती लाल वाटते. शंका आली तर लेपिडोलाइटची एक चिमूट शेजारी जाळून बघा. खऱ्या लिथियमचा लाल रंग कसा असतो ते समोरच कळेल.

ज्योतीच्या चाचणीत सगळ्यात जास्त घोळ सोडियम घालतं. घामाची बोटं कपचीला लागली तरी पिवळी ज्योत उसळते आणि लाल झाकून टाकते. चिमटा आधी लालबुंद तापवून घ्या, कपचीला हात लावू नका, आणि ही चाचणी भर उन्हात करू नका. झाडाच्या दाट सावलीत किंवा संध्याकाळी मुक्कामी करा. कपचीला सौम्य हायड्रोक्लोरिक अ‍ॅसिडचा थेंब लावून परत ज्योतीत धरली तर रंग उठून दिसतो.

फॉस्फेटची चाचणी मात्र मुक्कामावरच करायची. सॅकमध्ये नायट्रिक अ‍ॅसिडची बाटली घेऊन डोंगर चढणारे महाभाग मी पाहिलेत. तसं करू नका. अमोनियम मॉलिब्डेटचं द्रावण नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये तयार करून प्रयोगशाळेतून न्यावं. अँब्लिगोनाइट अ‍ॅसिडमध्ये सरळ विरघळायला त्रास देतो. म्हणून त्याची भुकटी सोडियम कार्बोनेटच्या दुप्पट-तिप्पट भुकटीत मिसळून कोळशावर टॉर्चने वितळवून घ्यावी. तो वितळलेला गोळा चुरून सौम्य नायट्रिक अ‍ॅसिडमध्ये टाकला की फसफसून विरघळतो. गाळ बसू द्या, वरचं स्वच्छ पाणी मॉलिब्डेटमध्ये घाला आणि हाताला सोसेल इतकंच कोमट करा. फॉस्फेट असेल तर गर्द पिवळी पूड तयार होते आणि खाली बसते. ‘पूड’ आणि ‘खाली बसते’ हे दोन्ही शब्द महत्त्वाचे. सिलिकेटची भुकटी अशीच वितळवली तर थोडी सिलिका द्रावणात उतरते आणि तीही पिवळा रंग देते, पण तो द्रावणाचा रंग असतो, साका बसत नाही. आणि उकळवू नका. उकळल्यावर आर्सेनेटही पिवळा साका देतो. शेजारी एका नळीत साध्या फेल्डस्पारची भुकटी तशाच रीतीने करून ठेवली तर तुलना होते. मी ही तुलनेची नळी कधीच चुकवत नाही.

‘विद्यापीठाकडे हातात धरायचं एक्सआरएफ यंत्र आहे, ते नेलं तर एवढा खटाटोप कशाला?’ असंही विचारलंय. न्या, पण त्याचं मर्म समजून न्या. एक्स-रे टाकून मूलद्रव्यं ओळखणारं ते यंत्र लिथियम बघूच शकत नाही, इतकं हलकं मूलद्रव्य त्याच्या आवाक्याबाहेर आहे. फॉस्फरसची रेषाही दुबळी. ओल आणि धूळ तिला गिळतात, तेव्हा पृष्ठभाग ताजा, कोरडा आणि सपाट हवा. पण मघाशी सांगितलेली सिलिकाची गोष्ट इथे उपयोगाला येते. पांढऱ्या दगडात ॲल्युमिनियम आणि फॉस्फरस भरपूर आणि सिलिकॉन नगण्य दिसलं, तर फेल्डस्पार, स्पोड्युमिन, पेटालाइट सगळे एका फटक्यात बाद. कॅल्शियम नसेल तर अ‍ॅपेटाइटही बाद. लिथियम थेट वाचायचं तर लेसरवर चालणारं लिब्ज यंत्र लागतं. रामन यंत्र (लेसरच्या विखुरलेल्या प्रकाशावरून खनिज ओळखणारं) मिळालं तर सगळ्यात उत्तम: फॉस्फेटचं ठळक शिखर 1010 प्रति सेंटिमीटरच्या आसपास येतं, पोटॅश फेल्डस्पारचं 513 ला आणि स्पोड्युमिनचं 707 च्या आसपास. हे आकडे एकमेकांपासून इतके दूर आहेत की चुकायला वाव नाही.

अतिनील दिव्यावर भिस्त ठेवू नका, अँब्लिगोनाइट कधी फिकट चमकतो, कधी नाही. दिवा तरीही बरोबर असू द्या, वेगळ्या कारणासाठी. पेग्मटाइटच्या भेगांत पिवळ्या-हिरवट, अभ्रकासारख्या बारीक पापुद्र्यांचं काही दिसलं आणि दिव्याखाली झळझळीत हिरवं चमकलं, तर तो बहुधा ऑटुनाइट, म्हणजे युरेनियमचा फॉस्फेट. तो उघड्या हाताने खरवडू नका, खिशात टाकू नका, आणि दगड चाटून बघण्याची आपल्या लोकांची सवय तिथे तरी आवरा.

पांढऱ्याच्या मागे लागताना काळ्याकडे दुर्लक्ष होतं, म्हणून थोडं विषयांतर. लिथियमच्या पेग्मटाइटमध्ये पांढऱ्या खडकावर काळा-तपकिरी, गंजल्यासारखा डाग दिसला तर बहुतेक जण तुरमुली किंवा मँगनीजचा लेप समजून पुढे जातात. तो फोडा. आत करडा-हिरवट किंवा निळसर, तेलकट चमकेचा, चाकूने ओरखडणारा गाभा मिळाला तर तो ट्रिफिलाइट असण्याची दाट शक्यता, म्हणजे लिथियम आणि लोहाचा फॉस्फेट, गुरुत्व साडेतीनच्या आसपास. त्याच्या बाहेरच्या थरात जांभळा रंग दिसला तर हेटेरोसाइट: ट्रिफिलाइटमधलं लिथियम धुऊन निघून गेलं आणि लोहाचं ऑक्सिडीकरण झालं की तो तयार होतो. कोरड्या पृष्ठभागावर हा जांभळा मळकट तपकिरी दिसतो, ताज्या फुटीवर मात्र डोळ्यात भरतो. नामिबियातून बाजारात येणारे भडक जांभळे तुकडे पुष्कळदा अ‍ॅसिडने धुतलेले असतात. त्या रंगाची अपेक्षा ठेवून फील्डवर गेलात तर खरा हेटेरोसाइट समोर असून दिसणार नाही. असाच दुर्लक्षित गडद फॉस्फेट म्हणजे ट्रिप्लाइट. बिहारमध्ये गया जिल्ह्यातल्या सिंगारच्या अभ्रकी पहाडातून तो पिचब्लेंडबरोबर (युरेनियमच्या खनिजाबरोबर) फार पूर्वीच नोंदला गेलाय.

आता नमुन्याबद्दल. प्रत्येक ठिकाणाहून दोन तुकडे घ्या, एक सालीसकट, एक साल काढलेला. सालीतली खनिजं हीसुद्धा फॉस्फेटच असतात आणि स्वतंत्रपणे अभ्यासण्याजोगी असतात, पण मूळ खनिज ओळखायला ती आड येतात. जीपीएसची जागा, शिरेतला पट्टा, गाभ्यापासूनचं अंतर आणि शेजारची खनिजं तिथल्या तिथे लिहा. डंपवरून उचललेल्या दगडावर ‘डंप’ असं स्पष्ट लिहा, कारण त्याचा पट्टा कोणालाच सांगता येणार नाही. फोटोत मोजपट्टी हवी, हातोडा नको.

नागपूरला भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाचं आणि अणुखनिज संचालनालयाचं मध्य विभागाचं कार्यालय आहे. तुमच्या मार्गदर्शकांनी अधिकृत पत्राने संपर्क केला तर दिशा मिळेल. लिथियम 2023 च्या कायदा-दुरुस्तीने अणुखनिजांच्या यादीतून बाहेर आलं असलं, तरी परवानगीशिवाय खणून माल आणायची मुभा त्याने मिळत नाही. अभ्यासाचे हातात मावणारे नमुने वेगळे आणि पोती वेगळी.

प्रयोगशाळेत दोन गोष्टी मागा. एक, पूड करून एक्स-रे विवर्तन, म्हणजे गट पक्का होईल. दोन, पातळ काप. फ्लोरिन जास्त असलेला अँब्लिगोनाइट सूक्ष्मदर्शकाखाली प्रकाशीय दृष्ट्या ऋण असतो, हायड्रॉक्सिलवाला माँटेब्रासाइट धन. मालिकेतल्या मधल्या नमुन्यांना यावरही नाव देता येत नाही, तिथे फ्लोरिन मोजूनच घ्यावं लागतं. काप काढायला देताना साल काढलेला तुकडा द्या आणि स्वच्छ क्लीव्हेज कुठल्या बाजूला आहे ते मार्करने खूण करून द्या. काप काढणारा तुमच्यासारखा दगडाकडे बघत बसणार नाही.